समुद्रावर लेकीकडे कोण बघतंय?

प्रश्न : ताई, आमच्या सासरी दर वर्षी नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून गुहागरला जायची पद्धत आहे. सासऱ्यांचं ते आजोळ. सासू-सासरे, मोठे दीर-जाऊ, नणंद आणि तिचे यजमान, चुलत दीर आणि सगळ्यांची मुलं धरून सतरा-अठरा माणसं होतो. चार दिवस समुद्राला लागून असलेल्या एका वाडीत घरगुती मुक्काम असतो. माझी मुलगी चार वर्षांची आहे, मुलगा डिसेंबरात सव्वा वर्षाचा होईल. गेल्या वर्षी संध्याकाळी मुलगी दहा मिनिटं सापडेना. मी बाळाला झोपवायला खोलीवर निघाले तेव्हा "हिच्याकडे बघा हं" असं सगळ्यांना सांगून गेले होते. जाऊबाईंना वाटलं ती आत्याबरोबर आहे, आत्याला वाटलं ती बाबाबरोबर आहे. शेवटी ती एका घोडागाडीच्या मागे चालत चालत बरीच लांब गेलेली सापडली. सगळे म्हणाले, "सापडली ना, मग झालं तर!" मला मात्र अजून रात्री दचकून जाग येते. यंदाच्या बुकिंगची बोलणी सुरू झाली आहेत. मी नवऱ्याला म्हटलं, या वर्षी नको जायला. तो म्हणतो, "वर्षातून चार दिवस असतात, सांभाळून घे, आई-अण्णांना वाईट वाटेल." सासूबाई म्हणतात, "आम्ही नाही का मुलं वाढवली?" तिथे माझे चारही दिवस भरवण्यात, झोपवण्यात आणि कपड्यांतली वाळू झटकण्यात जातात. मी जाऊ नये का? आणि गेले, तर नाटकं करणारी सून न ठरता हे सगळं सांगू कसं?
– एक वाचक, पुणे

उत्तर :

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "सापडली ना, मग झालं तर" हे आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलते. झालेलं नाही. तुम्हाला दचकून जाग येते यात अतिरेकी असं काही नाही. त्या संध्याकाळी तुमची लेक घोडागाडीच्या मागे गेली ते नशीब. ती पाण्याच्या दिशेनेही जाऊ शकली असती, आणि तिथे दहा मिनिटं फार होतात. पाण्यात बुडणारं लहान मूल हाका मारत नाही, हातपाय आपटून लक्ष वेधत नाही. तोंडात पाणी जात असतं, श्वास घ्यायचीच धडपड चाललेली असते, ओरडायला श्वास उरत नाही. मिनिटभराच्या आत, तेही चार हातांवर उभ्या असलेल्या माणसांच्या लक्षात न येता, हे होऊ शकतं. तुमच्या घरच्यांना हे माहीत नसेल, कारण बुडणारा माणूस "वाचवा, वाचवा" ओरडतो असंच आपण सगळे समजत आलो आहोत.

त्या दिवशी कोणाचा हलगर्जीपणा झाला हे मी शोधणार नाही, तुम्हीही शोधू नका. जाऊबाई वाईट नाहीत, आत्या वाईट नाही. तुम्ही "हिच्याकडे बघा" म्हणालात ते घोळक्याला, आणि घोळक्याने ते ऐकलं. किनाऱ्यावर दहा मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं उरलेले नऊजण बघत असतील. घरात एकटी आई आणि एक मूल असेल तेव्हा अशी गफलत सहसा होत नाही, ती सतरा माणसांत होते. म्हणजे तुमच्या सासूबाई ज्याला आधार समजतात, "एवढी माणसं आहेत की", तीच या बाबतीतली कमजोर जागा आहे. आणि एवढी माणसं असूनही भरवणं, झोपवणं, वाळू झटकणं तुमच्याच वाट्याला का येतं, याचंही उत्तर तिथेच आहे. जे काम सगळ्यांचं म्हणून सोडून दिलं जातं ते शेवटी आईकडे येतं. तुम्ही खोलीवर असता तेव्हा मात्र ते कोणाकडेच नसतं.

म्हणून माझं मत असं, की यंदा जा. पण "सांभाळून घे" या बोलीवर जाऊ नका. कोणतं काम कोणाचं, हे निघण्याआधी नाव घेऊन ठरवून मग जा. न जाण्याचा मार्ग मी तुमच्यासाठी बंद करत नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी पाणी, कारण बाकी सगळ्यात चूक झाली तर निस्तरता येते.

एक साधी शिट्टी घ्या, दोरीत ओवलेली. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, असेपर्यंत ती एका मोठ्या माणसाच्या गळ्यात असेल. ज्याच्या गळ्यात शिट्टी, त्याचं दुसरं काही काम नाही. त्याने फोन बघायचा नाही, फोटो काढायचे नाहीत, भेळ खायची नाही, मेव्हण्याशी राजकारणावर बोलायचं नाही. डोळे मुलांवर, आणि मुलं पाण्याच्या कडेला असतील तर तोही पाण्यात उभा, हात लांब केला की मूल हाताला लागेल इतका जवळ. वीस-पंचवीस मिनिटांनी शिट्टी दुसऱ्याकडे द्यायची. देताना मुलांची नावं घेऊन म्हणायचं, "ही आणि हा आता तुझ्याकडे," आणि समोरच्याने तोंडाने म्हणायचं, "हो, माझ्याकडे." नुसती मान हलवलेली चालणार नाही. हे ऐकताना औपचारिक वाटेल, पहिल्या दिवशी सगळे हसतीलही. हसू द्या. दुसऱ्या दिवसापर्यंत मुलंच विचारू लागतील की आता शिट्टी कोणाकडे. शिट्टी घालणारी माणसं मोठी हवीत. तुमचे तेरा-चौदा वर्षांचे भाचे-पुतणे असतील तर त्यांना मदतीला घ्या, पण शिट्टी त्यांच्या गळ्यात नको. एवढं ओझं त्या वयावर टाकणं योग्य नाही. आणि एका शिट्टीवर दोन-तीनच लहान मुलं. तुमचं बाळ वेगळं, त्याला कायम एकाच्या कडेवर किंवा एकाच्या हाताशी ठेवायचं.

या कामात अण्णांना बरोबर घ्या. गुहागर त्यांचं आजोळ आहे म्हणता, तर तिथीवरून भरतीची वेळ काढायचं गणित त्यांना नक्की ठाऊक असेल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसाही आणि रात्रीही. त्याच्या साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मुक्कामाच्या मालकांना किंवा होडीवाल्यांना एकदा विचारून घ्यायचंच. पण अण्णांनी निघण्याआधी चारही दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा एका कागदावर लिहून द्याव्यात आणि पाण्यात कधी उतरायचं ते त्यांनीच सांगावं, अशी विनंती त्यांना तुम्ही स्वतः करा. ही नुसती त्यांना खूश करायची युक्ती नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती अकरा-बाराच्या सुमाराला पूर्ण होते आणि मग ओहोटी लागते. म्हणजे आपण दुपारची झोप काढून, चहा घेऊन चार वाजता मुलांना घेऊन पुळणीवर येतो, नेमकं तेव्हा पाणी जोराने आत ओढत असतं. तुमचे चार दिवस त्या तिथींना येत असतील तर संध्याकाळी पाण्यात उतरणं नकोच. पाणी वर चढत असताना, दिवसाउजेडी आणि तुमच्या लेकीच्या गुडघ्यापर्यंतच, एवढी मर्यादा पुरे. गुडघा तिचा, तुमचा नाही.

"गेल्या वर्षी इथे पाणी उथळ होतं" या वाक्यावर कोणालाही विसंबू देऊ नका. दर पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू उचलून दुसरीकडे टाकतो. जिथे गेल्या वर्षी लांबपर्यंत उथळ होतं तिथे यंदा चार पावलांवर तळ खाली गेलेला असू शकतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती कॉलेजातली, धडधाकट मुलं होती. ही आठवण तुम्हाला घाबरवायला काढत नाही. "आपण काय खोल जाणार आहोत का" असं म्हणणाऱ्या चुलत दिरांना सांगायला ती लागेल, म्हणून काढते.

हवेच्या रबरी ट्यूब, फुगवायची बदकं, दंडातले फुगे हे सगळं घरी ठेवा. शाळेत शिकलेले मतलई वारे आठवा. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि ट्यूबमध्ये बसलेलं हलकं मूल बघता बघता आत जातं. त्याहून वाईट म्हणजे ट्यूब आहे म्हटल्यावर मोठी माणसं निर्धास्त होतात. घ्यायचंच असेल तर मापाचं, पट्टे आवळता येतील असं लाइफ जॅकेट घ्या, आणि ते घातलं तरी शिट्टीवाला जागेवरच राहील.

पाण्याइतकीच पुळणीवरच्या गाड्यांची काळजी घ्या. हल्ली किनाऱ्यावर जीप, चारचाकी मोटारबाइक, घोडागाड्या सगळं फिरतं, आणि वाळूत बसून खड्डा खणणारं मूल गाडी चालवणाऱ्याला दिसतही नाही. मुलांचा खेळ सुरूच्या बनाकडच्या बाजूला मांडा, एखादी मोठी रंगीत छत्री रोवून. दोघांनाही भडक रंगाचे कपडे घाला, पिवळे किंवा नारिंगी. निळे-करडे नकोत, पाण्यात ते दिसत नाहीत.

आणि एक जागा अशी आहे जिच्याबद्दल समुद्राच्या नादात कोणी बोलतच नाही. तुम्ही वाडीत उतरता. वाडी म्हणजे माड, पोफळी, पाटाचं पाणी आणि विहीर. कितीतरी विहिरींचे कठडे सव्वा वर्षाच्या बाळाला नसले तरी चार वर्षांच्या मुलीला चढता येतील इतके बुटके असतात. शेजारी कपडे धुवायचा दगड असतो, तो तर पायरीसारखाच. बुकिंग करताना मालकांना फोनवर विचारा, विहिरीला जाळी आहे का, कठडा किती उंच, हौद उघडा असतो का. जाळी नसेल तर चार दिवसांसाठी बसवून द्याल का, हेही विचारा. बहुतेक जण आनंदाने करतात, त्यांच्याही घरात नातवंडं असतात. न्हाणीघरातल्या भरलेल्या बादल्या रिकाम्या करून ठेवायची सवय सगळ्यांना लावा. बाळाला बुडायला वीतभर पाणी पुरतं.

देव न करो, पण मूल पाण्यातून काढायची वेळ आली तर त्याला उलटं धरून, पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही. ही चुकीची समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे, आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालू नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायला सुरुवात करायची. एकाने हे करायचं, दुसऱ्याने १०८ लावायचा. तुमच्या दोघांपैकी एकाने आणि दिरांपैकी एकाने निघण्याआधी हे कोणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्यावं. पुण्यात असे वर्ग होतात, अर्ध्या दिवसाचं काम आहे. गुहागरहून चिपळूण सुमारे ४५ किलोमीटर आहे. इस्पितळात पोहोचेपर्यंतच्या वेळात काय करता येतं ते माहीत असलेलं बरं.

आता तुमच्या चार दिवसांबद्दल.

घरगुती मुक्कामात पंगती दोन होतात, कारण टेबल लहान असतं. पहिल्या पंगतीत पुरुष आणि मुलं, दुसरीत बायका. गरम घावन, तळलेला मासा, वाफाळता भात पहिल्या पंगतीला. दुसरी बसते तेव्हा सोलकढी तळाला गेलेली असते, आणि मुलाला भरवणारी आई तर दुसरीतही पूर्ण बसत नाही, उभ्याने चार घास खाते. तुमच्याकडे असं होतं का हे पत्रात नाही, पण "भरवण्यात जातात" म्हणालात त्यावरून मला चित्र दिसतंय. यंदा हा क्रम उलटा करायला सांगा. लहान मुलांच्या आया पहिल्या पंगतीत बसतील आणि त्या जेवत असताना त्यांच्या मुलांना त्यांचे बाबा सांभाळतील. मग बाबा दुसऱ्या पंगतीला. यात कोणाचा अपमान नाही, कोणाला जादा काम नाही, फक्त क्रम बदलतो. मुलांसाठी मऊ भात, मेतकूट, तूप बरोबर न्या आणि मालकीणबाईंना आदल्या रात्रीच सांगून ठेवा की साडेअकराला बाळाचा भात लागेल. सगळ्यांचं जेवण दोनला होवो की अडीचला, बाळ साडेअकराला जेवेल आणि झोपेल.

झोपेवरून तिथे कुरबुर होते, हे मी गृहीत धरते. "एक दिवस नाही झोपला तर काय होतं?" असं म्हणणारी माणसं संध्याकाळी रडक्या बाळाला तुमच्याकडे परत आणून देतात. दुपारी बारा ते चार डिसेंबरातही कोकणातलं ऊन मुलांसाठी कडक असतं. तेव्हा त्या वेळात झोप हा मुलांच्या तब्येतीचाच भाग आहे, तो मोडायचा नाही. पण बाळाजवळ खोलीत थांबणारं माणूस रोज तुम्हीच असायला हवं असं काही नाही. चार दुपारी आहेत. एक तुमची, दोन नवऱ्याच्या, एक आजीची. आजीला नातवाशेजारी पंख्याखाली पडायला आवडेल, तिलाही दुपारी उन्हात जायचं नसतं. ज्या दुपारी तुमची पाळी नाही त्या दुपारी काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. झोपायचं असेल तर झोपा, व्याडेश्वराच्या देवळात जाऊन बसायचं असेल तर बसा.

खोली वेगळी मागा. सतरा माणसं चार खोल्यांत, बायका-मुलं एका खोलीत आणि पुरुष दुसऱ्या, ही व्यवस्था रात्री दोनदा उठणाऱ्या बाळाच्या आईला परवडत नाही, कारण त्या व्यवस्थेत बाबा रात्रभर शांत झोपतो. तुमच्या चौघांची खोली वेगळी, त्याचे जादा पैसे तुमचे तुम्ही भरा आणि विषय संपवा.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. उंब्रज-पाटणवरून कुंभार्ली घाटाने जात असाल तर घाटाआधी कोयनेजवळ थांबून मुलांना मोकळं करा, पोट तुडुंब भरून घाट उतरू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला उलटीची गोळी किंवा औषध स्वतःच्या मनाने द्यायचं नाही. आणि बाळ पुढच्या सीटवर कोणाच्या मांडीत बसणार नाही, हे गाडीत बसायच्या आधी ठरलेलं असू दे. लहान मुलांना गाडीत बांधून बसवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि मांडीवरचं मूल जोराच्या ब्रेकला कोणाच्याही हातात राहत नाही.

मुख्य प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, की सांगू कसं. माझं उत्तर आहे की तुम्ही सांगूच नका. तुमच्या नवऱ्याने सांगायचं. आई-अण्णा त्याचे आहेत, मुलं त्याची आहेत, आणि वाक्यं "हिला असं वाटतं" या शब्दांनी सुरू होता कामा नयेत. "मी ठरवलंय" किंवा "आम्ही ठरवलंय" अशी सुरुवात हवी. तो एकदा जरी "हिचं म्हणणं आहे" म्हणाला, की तुम्ही नाटकं करणारी सून झालातच. तुमचे यजमान वाईट आहेत असं मला पत्रावरून वाटत नाही. त्यांना या चार दिवसांत लहानपण परत मिळतं, भावंडं भेटतात, आई खूश दिसते. त्यांना ते जपायचं आहे, आणि ते जपण्यासारखंच आहे. पण त्यांचं लहानपण तुमच्या जागरणावर उभं राहतंय हे त्यांना दिसत नाही. ते दाखवायला भांडण नको. एका रात्री मुलं झोपल्यावर गेल्या वर्षीचा एक दिवस त्यांना तासातासाने सांगा. पहाटे सहाला कोण उठलं, सात वाजता दूध कोणी गरम केलं, दहाला बाळाचे कपडे कोणी बदलले, तेव्हा ते कुठे होते. आवाज चढवू नका, आरोप करू नका. आणि मग त्या संध्याकाळची दहा मिनिटं सांगा, तुमच्या पोटात तेव्हा काय झालं ते. माझा अंदाज आहे, त्यांनी ते तुमच्याकडून नीट कधी ऐकलेलंच नाही, कारण सगळे "सापडली" म्हणून हसत होते तेव्हा तुम्ही गप्प झाला असाल.

सासूबाईंच्या "आम्ही नाही का मुलं वाढवली" या वाक्याला उत्तर देऊ नका, त्याऐवजी त्यांना विचारा. "आई, हे लहान असताना तुम्ही सुट्टीत गुहागरला यायच्या तेव्हा दिवसभर काय करायचात?" खरोखर ऐकायच्या मनाने विचारा. त्या पिढीतल्या बहुतेक सुनांनी कोकणातल्या सुट्ट्या चुलीपुढे आणि विहिरीवर घालवल्या. समुद्र वाडीच्या मागे होता आणि त्यांना तो क्वचित दिसायचा. तुमच्या सासूबाईंनी मुलं वाढवली हे खरं आहे. त्यांना कोणी विचारलं नाही हेही बहुधा खरं असेल. हे त्यांच्या तोंडून बाहेर आलं तर त्या तुमच्या बाजूच्या होतील. नाही आलं, तरी तुम्ही त्यांना उलट बोललात असं होणार नाही. यंदा त्यांनाही एक दुपार, एक संध्याकाळ कामाशिवायची मिळाली पाहिजे, हे नवरा सगळ्यांना जो मेसेज टाकेल त्यात घाला. मेसेज असा काहीसा असू दे, तुमच्या नवऱ्याच्या नावाने, घरच्या ग्रुपवर, बुकिंग पक्कं व्हायच्या आधी :

"आई-अण्णा, दादा-वहिनी, ताई, यंदा गुहागरला आम्ही चौघं येतोय. गेल्या वर्षी लेक दहा मिनिटं दिसत नव्हती ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून यंदा पुळणीवर मुलांकडे बघायच्या पाळ्या लावूया, मी यादी करतो, पहिली पाळी माझी. अण्णा, भरती-ओहोटीच्या वेळा तुम्ही काढून द्याल का? पाण्यात कधी जायचं ते तुम्ही सांगाल तसं. लहान मुलांच्या आया पहिल्या पंगतीला जेवतील, तेव्हा मुलं आम्ही बाबा लोक सांभाळू. आमच्यासाठी वेगळी खोली घेतोय, तिचं मी बघतो. आई, बुधवारची संध्याकाळ तुझी आणि वहिनींची, तुम्ही दोघी समुद्रावर फिरायला जायचं, चहा आम्ही करू."

पहिली पाळी माझी, हे वाक्य त्यातून काढू देऊ नका.

यावर कोणी टोमणा मारेल. "एवढं काय, आम्ही तर तुम्हाला मोकळं सोडायचो." नवऱ्याने एकदाच म्हणावं, "हो, पण मला भीती वाटते, म्हणून करूया." पुरुषाने मला भीती वाटते म्हटलं की घरात पुढचा वाद सहसा होत नाही. आणि तिथे गेल्यावर शिट्टी पहिल्याच दिवशी फिरायची थांबली, सगळं जुन्या वळणावर गेलं, तर तुम्ही दोघांनी आधीच ठरवून ठेवा की दुसऱ्या दिवसापासून आपली मुलं आपल्यापैकी एकाच्या हाताशीच राहतील, पाण्यात जाणार नाहीत, आणि पुढच्या वर्षी आपण दोनच दिवस येऊ. हे धमकी म्हणून बोलून दाखवायची गरज नाही. आणि नवरा यातलं काहीच करायला, मेसेजसुद्धा टाकायला तयार नसेल, तर मात्र यंदा जाऊ नका. आई-अण्णांना वाईट वाटेल, ते पुढे भरून काढता येईल. त्यांना आठवडाभर तुमच्याकडे राहायला बोलवा, मुलांना आजी-आजोबा तसेही मिळतील.

एक गोष्ट तुमच्यासाठी आणि लेकीसाठी. ओहोटीनंतर पुळण ओली, टणक होते, पाणी लांब गेलेलं असतं. त्या वेळी दोघी पाण्याकडे पाठ करून, वरच्या बाजूला खाली वाकून बघा. ओल्या वाळूत नखाएवढ्या खेकड्यांची बिळं असतात आणि प्रत्येक बिळाभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी. खेकडा वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाणं काढून घेतो आणि गोळी करून मागे टाकतो. पाऊल वाजलं की आत. न हलता बसलं की थोड्या वेळाने पुन्हा बाहेर येतो. चार वर्षांचं मूल यापुढे अर्धा तास बसतं, आणि तो अर्धा तास बाळ नक्की कोणाकडे तरी असलं पाहिजे, यादीत तशी पाळी लिहून ठेवा.

मेसेज या आठवड्यातच जाऊ दे. नाताळात समुद्राजवळच्या खोल्या लवकर भरतात, आणि विहिरीच्या जाळीबद्दल मालकांशी बोलायलाही वेळ हवा.